समूह-मानसोपचार आणि त्याचे शिक्षण

एखादी विद्या जन्मास कशी आली हा एक इतिहास असतो, आणि ती पुढील पिढीस कशी शिकविली गेली हा दुसरा. पहिल्या इतिहासात थोरांची नावे असतात, शोधांच्या तारखा असतात. म्हणून तो लिहिला जातो आणि आवडीने ऐकलाही जातो. दुसरा बहुधा विद्यापीठांच्या दप्तरांत पडून राहतो. परंतु काही विद्या अशा आहेत की, त्या शिकवावयाच्या कशा हे उलगडेपर्यंत त्या मुळात आहेत तरी काय, हेही नीट उलगडत नाही. गायन ही अशी विद्या आहे. ज्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत तो समूह-मानसोपचारही याच जातीचा आहे.

समूह-मानसोपचार म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. सात-आठ माणसे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत, वर्तुळाकार मांडलेल्या खुर्च्यांवर सुमारे दीड तास बसतात. कोणाला चार लोकांत तोंड उघडण्याची धास्ती असते, कोणाला दीर्घकाळची उदासी असते, कोणाचे कोणाशीच पटत नाही. त्यांच्यात एक किंवा दोन उपचारक असतात. उपचारक व्याख्यान देत नाही, औषध देत नाही, उपदेशही फारसा करीत नाही. माणसे एकमेकांशी बोलतात, एवढेच बाहेरून दिसते. तरीही नीट चाललेल्या समूहात काही महिन्यांनी पुष्कळांना आराम पडतो, हे आजवरच्या अनेक अभ्यासांनी दाखवून दिले आहे.

हे घडते कसे? माणूस जसा घरी आणि कचेरीत वागतो, तसाच तो हळूहळू या वर्तुळात वागू लागतो. ज्याला दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय नाही, तो येथेही दुसऱ्याचे वाक्य मध्येच तोडतो. जी बाई आयुष्यभर इतरांचे करीत राहिली आणि स्वतःसाठी कधी काही मागू शकली नाही, ती येथेही इतरांचीच विचारपूस करीत बसते. फरक एवढाच की, बाहेर लोक रागावतात, दूर होतात, परंतु कारण सांगत नाहीत. येथे कोणीतरी ते सांगतो. आणि मुख्य गोष्ट ही की, सांगणारा पुढच्या आठवड्यातही त्याच खुर्चीवर हजर असतो. नाते तुटत नाही आणि खरेही कळते, असा योग संसारात फार थोड्या ठिकाणी येतो.

आता प्रश्न असा की, अशा समूहाचा उपचारक तयार कसा करावयाचा? जो चिकित्सा-मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टराप्रमाणे औषधे न देता मानसिक परीक्षण आणि संभाषण यांच्या साहाय्याने उपचार करण्याची विद्या जो शिकतो आहे, त्याला हे काम पुस्तकातून शिकविता येईल काय? गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि ते उत्तर सोपे नाही. समूह चालविणारास आधी समूहात बसावे लागते. आणि ज्या समूहात तो बसतो तो परीक्षेच्या भीतीपासून मोकळा ठेवावा लागतो. यांपैकी पहिली गोष्ट कळावयास चाळीस वर्षे लागली. दुसरी कळावयास त्यानंतर आणखी पन्नास.

या उपचाराचा आरंभ मनाच्या दुखण्यापासून झालाच नाही. तो झाला क्षयापासून. अमेरिकेतील बोस्टन शहरात, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात, डॉ. जोसेफ हर्सी प्रॅट हे काम करीत होते. क्षयावर त्या काळी औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न एवढेच उपाय. ज्यांच्यापाशी पैसा होता ते डोंगरावरच्या सॅनेटोरियमात जात. गरिबांनी मात्र कोंदट खोल्यांत खोकत पडावे असा रिवाज होता. १९०५ च्या जुलै महिन्यात प्रॅट यांनी अशा गरीब रुग्णांचा एक वर्ग काढला. खर्चाचा भार इमॅन्युएल चर्चने उचलला. रुग्णांनी आठवड्यातून एकदा एकत्र जमावयाचे, वजन करून घ्यावयाचे आणि ताप, आहार व विश्रांती यांची रोजची नोंद केलेली वही दाखवावयाची. ज्याचे वजन वाढले असेल त्याचे सर्वांदेखत कौतुक व्हावयाचे. प्रॅट चार शब्द धीराचे सांगत आणि परिचारिका घरोघर जाऊन विचारपूस करीत असे.

या उपक्रमास प्रॅट यांनी ‘वर्ग’ हेच नाव दिले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपण शिकवितो आणि रुग्ण शिकतात, या समजुतीने त्यांनी कामास हात घातला. परंतु त्यांची नजर तीक्ष्ण होती. निरनिराळ्या वंशांची आणि धर्मपंथांची ही माणसे एका समान दुखण्याच्या धाग्याने जवळ येतात, नव्याने आलेला रुग्ण बऱ्या होत चाललेल्या जुन्या रुग्णाकडे पाहून उभारी धरतो, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले. डॉक्टरांच्या शब्दांइतकेच शेजारच्या खुर्चीवरील माणूस हेही औषध होते.

हे बीज रुजावयास वेळ लागला. पहिल्या महायुद्धानंतर वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात डॉ. एडवर्ड लॅझेल यांनी तीव्र मनोविकाराच्या रुग्णांना एकत्र बसवून त्यांच्या आजाराविषयी व्याख्याने दिली आणि त्याचा वृत्तांत १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे पूर्वाश्रमी धर्मोपदेशक असलेले डॉ. कोडी मार्श यांनीही तीच वाट धरली. या सर्वांच्या कामी मांडणी एकच होती: समोर एक बोलणारा आणि त्याच्याकडे तोंड करून बसलेले ऐकणारे. व्याख्यानमालेस आपण जमतो तेव्हा खुर्च्या अशाच मांडलेल्या असतात, आणि ते योग्यही आहे; कारण येथे ज्ञान एका दिशेने वाहावे अशी अपेक्षा असते. श्रोत्याने शेजारच्या श्रोत्याशी बोलू लागावे ही व्याख्यानात बेअदबी होय. समूहोपचारात तेच मुख्य कार्य असते. खुर्च्यांची तोंडे समोरून एकमेकांकडे वळविणे ही वरकरणी किरकोळ गोष्ट. पण तीत सारी विद्या सामावलेली आहे.

खुर्च्या हलविण्याचे काम ज्यांनी केले त्यांत जेकब मोरेनो यांचे नाव आधी घ्यावे लागते. १८८९ मध्ये बुखारेस्ट येथे जन्मलेले आणि व्हिएन्नात डॉक्टर झालेले मोरेनो नाटकाचे वेडे होते. १९२५ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि १९३२ साली फिलाडेल्फियातील मनोविकारतज्ज्ञांच्या बैठकीत त्यांनी ‘समूहोपचार’ या कल्पनेचा जाहीर पुरस्कार केला. न्यूयॉर्कजवळच्या बीकन गावी १९३६ मध्ये त्यांनी रुग्णालय काढले, त्यात एक रंगमंचही उभारला. रुग्णाने आपले दुःख सांगावयाचे नाही, ते करून दाखवावयाचे. वडिलांशी झालेले भांडण सांगण्याऐवजी ते पुन्हा उभे करावयाचे. कोणी वडील व्हावयाचे, कोणी आई. या पद्धतीत शिकाऊ उपचारकास प्रेक्षकांत वही घेऊन बसून राहता येत नसे. आज तो दुसऱ्याचा बाप होई आणि उद्या त्याचे स्वतःचे घर त्या मंचावर उभे राही. ज्या मराठी समाजाने नाटकावर इतके प्रेम केले, त्याला यातील मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. भूमिकेत शिरल्यावाचून भूमिका कळत नाही.

यानंतर दुसरे महायुद्ध आले आणि त्याने या विद्येला मोठी गती दिली. रणांगणावर मन खचलेल्या सैनिकांची संख्या मोठी आणि मनोविकारतज्ज्ञ थोडे, अशी स्थिती होती. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ नॉर्थफील्ड येथे अशा सैनिकांसाठी लष्करी रुग्णालय होते. १९४२-४३ च्या हिवाळ्यात तेथे मेजर विल्फ्रेड बायन आले. बायन यांचा जन्म १८९७ मध्ये आपल्या मथुरेत झाला होता आणि आठ वर्षांचे होईपर्यंत ते हिंदुस्थानातच वाढले होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी रणगाडे चालविले होते. त्यामुळे शिस्त म्हणजे काय आणि भीती म्हणजे काय, हे त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होते.

बायन आणि त्यांचे सहकारी जॉन रिकमन यांनी असे ठरविले की, येथला शत्रू प्रत्येकाचा निराळा आजार नसून सर्वांचे मिळून असलेले वैफल्य होय, आणि त्याच्याशी सर्वांनी मिळून लढले पाहिजे. प्रत्येक सैनिकाने हस्तकला, नकाशावाचन किंवा आवडेल त्या कामाच्या एका तरी गटात सामील व्हावे. गट नसेल तर काढावा. आणि रोज दुपारी अर्धा तास सर्वांनी एकत्र जमून आपल्या विभागात काय चालले आहे ते पाहावे. सैनिक तक्रार घेऊन आले की विभाग घाण आहे, कामचुकार फार आहेत, त्यांना शिक्षा करा. बायन यांनी शिक्षा केली नाही. हा प्रश्न तुमच्या सर्वांचा आहे, तो तुम्हीच अभ्यासा, असे सुचविले. सहा आठवड्यांत वरिष्ठांनी हा प्रयोग बंद केला. परंतु १९४३ मध्ये त्याच रुग्णालयात आलेले झीगफ्रीड फूल्क्स आणि त्यांचे सहकारी यांनी ते काम निराळ्या, अधिक सौम्य रीतीने युद्ध संपेपर्यंत नेले.

फूल्क्स हे १८९८ मध्ये जर्मनीत जन्मलेले ज्यू. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये देश सोडून ते इंग्लंडात आले होते. समूहाच्या उपचारकास ते पुढारी किंवा शिक्षक म्हणत नसत, ‘संचालक’ म्हणत; वाद्यवृंदाचा संचालक असतो त्या अर्थाने. संचालक स्वतः एकही वाद्य वाजवीत नाही. पण कोणते वाद्य दबले आहे आणि कोणते सर्वांवर कुरघोडी करते आहे, ते त्याला ऐकू येते. हा कान तयार व्हावयाचा तर समूहात स्वतः बसून एक वाद्य व्हावे लागते, असे त्यांचे मत होते. १९७१ मध्ये लंडनला समूह-विश्लेषणाची जी संस्था निघाली, तिने विद्यार्थ्याने काही वर्षे समूहात सदस्य म्हणून बसलेच पाहिजे, हा शिक्षणाचा पाया मानला.

इकडे बायन यांनी १९४८ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये समूह घ्यावयास आरंभ केला. लोक येऊन बसत आणि आता हे मोठे डॉक्टर काही शिकवतील म्हणून वाट पाहत. बायन गप्प. लोक अस्वस्थ होत, चिडत, आपसांत कुजबुजत. मग बायन त्या अस्वस्थतेकडेच बोट दाखवीत. त्यांचे म्हणणे असे की, काम करावयास जमलेला समूह नकळत काम सोडतो आणि तीनपैकी एका अवस्थेत जातो. कधी तो तारणाऱ्या गुरूची वाट पाहत बसतो. कधी कोणीतरी शत्रू धरून त्याच्यावर तुटून पडतो किंवा त्याच्यापासून पळतो. कधी दोघांची जोडी जमली की त्यांच्यातून काही चमत्कार निघेल या आशेवर राहतो. एखाद्या सार्वजनिक मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक ज्याने पाहिली आहे त्याला हे पटवून द्यावयास फार पुरावा लागू नये. १९६१ मध्ये या लेखांचा ग्रंथ निघाला आणि तो आजही विद्यार्थ्यांच्या हाती दिला जातो.

परंतु शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोठी घटना घडली ती कोणत्याही रुग्णालयात नव्हे. ती घडली १९४६ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, न्यू ब्रिटन येथील शिक्षक-महाविद्यालयात. जर्मनीतून आलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी वंशद्वेष व धर्मद्वेष कमी करण्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांचे शिबिर भरविले होते. दिवसा गटांत चर्चा होत. प्रत्येक गटात एक निरीक्षक बसून कोण कसा वागला याची टिपणे करी, आणि रात्री शिक्षक मंडळी बंद दाराआड ती टिपणे वाचून विचार करीत. एके रात्री शिबिरातील काही जणांनी विचारले, ‘आम्ही ऐकावयास बसलो तर चालेल का?’ शिक्षक गोंधळले. लेविन यांनी होकार दिला.

निरीक्षकाने एका बाईंच्या सकाळच्या वागण्याचे वर्णन सुरू केले. त्या बाई तेथेच होत्या. त्या म्हणाल्या की, असे मुळीच घडले नाही. दुसऱ्या एकाने निरीक्षकाची बाजू घेतली. मग जी चर्चा पेटली तिने शिक्षकांचे डोळे उघडले. दुसऱ्या रात्री जवळजवळ सारे शिबिर तेथे लोटले. दिवसभराच्या व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते आपल्याच वागण्याचा आरसा चार लोकांसमवेत पाहिल्याने साधले. लेविन फेब्रुवारी १९४७ मध्ये वारले. परंतु त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन राज्यातील बेथेल गावी अशा शिक्षणाची शाळा सुरू केली. तेथील गटांना पुढे ‘टी-ग्रूप’ हे नाव पडले. यातला ‘टी’ ट्रेनिंगचा. आजारी नसलेल्या माणसासही समूहात बसून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, ही कल्पना येथून पसरली. प्रॅट यांच्या वर्गापासून येथवर चाळीस वर्षे झाली होती.

नेमक्या याच सुमारास चिकित्सा-मानसशास्त्र हा एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहत होता. त्याचे पहिले चिकित्सालय लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काढले होते. परंतु पन्नास वर्षे हे मानसशास्त्रज्ञ मुख्यतः बुद्धिमापनाच्या आणि व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या घेत. युद्धाने हेही बदलले. परत आलेल्या सैनिकांची रुग्णालये चालविणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याने १९४६ मध्ये विद्यापीठांच्या साहाय्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ तयार करण्याची मोठी योजना हाती घेतली. १९४९ च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे परिषद भरून या शिक्षणाचा आराखडा ठरला: विद्यार्थी संशोधकही व्हावा आणि उपचारकही. सैनिकांच्या रुग्णालयांत रुग्ण थोडेथोडके नव्हते, म्हणून नव्या मानसशास्त्रज्ञांच्या वाट्यास समूह आपोआप आले. फ्लॉरेन्स पाउडरमेकर व जेरोम फ्रँक यांनी त्याच खात्याच्या आश्रयाने समूहोपचाराचा पद्धतशीर अभ्यास करून १९५३ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

काम आले, पण त्याचे शिक्षण मागे राहिले. ज्याला एका रुग्णावर उपचार करता येतात त्याला आठांवरही करता येतील, अशी समजूत होती. जणू समूह म्हणजे आठ वेगळे रुग्ण एका खोलीत कोंबलेले! ही समजूत किती चुकीची आहे हे ज्यांनी सर्वांत स्पष्ट सांगितले ते डॉ. आयर्विन यॅलम. तरुणपणी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शिकत असता, जेरोम फ्रँक यांचे समूह त्यांनी एका विशिष्ट काचेतून पाहिले होते; एका बाजूने ती खिडकी असते आणि दुसऱ्या बाजूने आरसा. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात असता १९७० मध्ये त्यांनी समूह-मानसोपचारावर जो ग्रंथ लिहिला तो जगभर पाठ्यपुस्तक झाला. त्यात शिक्षणाची चार अंगे सांगितली आहेत. अनुभवी उपचारकाचे काम प्रत्यक्ष पाहणे. आपले पहिले समूह जाणत्याच्या बारीक देखरेखीखाली चालविणे. स्वतः एखाद्या समूहात सदस्य म्हणून बसणे. आणि स्वतःच्या मनाची स्वतंत्र तपासणी करून घेणे.

यांतील तिसरे अंग विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते, आणि तेच सर्वांत मोलाचे आहे. समजा, दहा विद्यार्थी वर्तुळात बसले आहेत. पहिली दहा मिनिटे कोणीच बोलत नाही. पुस्तकात त्याने वाचलेले असते की शांततेला घाबरू नये. पण ती दहा मिनिटे अंगावर काढल्यावरच त्याला कळते की, रुग्णाला पहिले वाक्य बोलावयास किती बळ लागते. कोणीतरी उशिरा येतो आणि सारे जण त्याच्यावर घसरतात. अर्ध्या तासाने ध्यानात येते की राग त्याच्यावर नव्हताच, तो गप्प बसलेल्या संचालकावर होता, आणि सोपे लक्ष्य म्हणून हा सापडला. बळीचा बकरा कसा निवडला जातो हे व्याख्यानात सांगता येते. परंतु आपणही त्या निवडीत सामील होतो, हे खुर्चीवर बसल्यावाचून कळत नाही. हे ज्याला कळले आहे तो उद्या आपल्या समूहात एखाद्या दुबळ्या रुग्णावर सारे तुटून पडताना पाहील तेव्हा वेळीच मध्ये हात घालील. ज्याला कळलेले नाही, तो कदाचित त्या चर्चेला मनमोकळेपणा समजून कौतुकाने पाहत बसेल. रुग्णाच्या दृष्टीने या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

येथवरची कथा उत्साहाची आहे. परंतु १९६० नंतरच्या दशकात या उत्साहास पूर आला. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, मन मोकळे करण्याचे समूह जागोजाग निघाले. कोणीही उठावे आणि समूह घ्यावा, असे झाले. मॉर्टन लीबरमन, यॅलम आणि मॅथ्यू माइल्स यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांचे असे समूह तपासून १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुष्कळांना लाभ झाला होता. परंतु काहींना टिकणारी इजाही झाली होती, आणि जेथे संचालक आक्रमक, भारून टाकणारा, सर्वांकडून कबुल्या काढून घेणारा होता, तेथे ती इजा अधिक होती. समूह बरे करतो त्याच शक्तीने मोडूही शकतो. ती शक्ती हाताळणारा शिकलेला असावा, हा आग्रह त्यामुळे अधिकच रास्त ठरला.

आणि येथेच दुसरी अडचण पुढे आली. विद्यार्थ्याने समूहात बसून मन उघडे करावे, हे ठीक. पण तो समूह चालविणार कोण? जर तेच प्राध्यापक तो चालविणार असतील जे त्याला वर्षअखेर गुण देणार, शिफारसपत्र देणार, क्वचित अभ्यासक्रमातून काढूनही टाकणार, तर विद्यार्थी खरे कसा बोलेल? तो दोनपैकी एक करील. एक तर मनमोकळेपणाचे सोंग करील, आणि अशा रीतीने सोंगालाच उपचार समजावयास शिकेल. किंवा भोळेपणाने खरे बोलून जाईल, आणि मग ते बोलणे कोणत्या नोंदवहीत जाऊन बसले असेल या धास्तीत राहील. दोन्हींत विद्येची हानी, दुसऱ्यात माणसाचीही. शिवाय जो विद्यार्थी स्वतः काही दुःखातून जात आहे, त्याला सहाध्यायांसमोर ते उघडे करावयास भाग पाडणे, हे शिक्षण नव्हे.

या प्रश्नावर अनेक वर्षे वाद झाला. अखेर अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २००२ साली आपली नीतिसंहिता नव्याने केली तेव्हा त्यात स्पष्ट नियम घातला: व्यक्तिगत वा सामूहिक उपचार घेणे जेथे अभ्यासक्रमाने सक्तीचे केले असेल, तेथे विद्यार्थ्यास तो बाहेरच्या उपचारकाकडून घेण्याची मुभा असली पाहिजे, आणि जे अध्यापक त्याचे मूल्यमापन करणार असतील त्यांनी हे उपचार स्वतः करता कामा नयेत. हा नियम आम्हास या साऱ्या इतिहासातील एक थोर पाऊल वाटते. परीक्षकाची खुर्ची आणि संचालकाची खुर्ची वेगळी केल्यावाचून वर्तुळ खरे होत नाही, हे त्याने मान्य केले. त्याच संघटनेने २०१८ मध्ये समूह-मानसोपचारास स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. म्हणजे एकावर उपचार करणे आणि समूहावर करणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, हेही आता अधिकृत झाले.

आपल्या देशाकडे वळून पाहिले तर या विद्येला येथे अगदी परकी म्हणता येत नाही. बंगलोरला १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि लौकरच तेथे चिकित्सा-मानसशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. १९७४ मध्ये तिचेच रूपांतर आजच्या ‘निम्हान्स’मध्ये झाले. १९९२ च्या कायद्याने या शिक्षणावर भारतीय पुनर्वास परिषदेची देखरेख आली. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना मनोरुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहावयास बोलाविले आणि त्यांना एकत्र बसवून त्यांच्याशी बोलणे सुरू केले. रुग्णास घरचे माणूस हेच पहिले वर्तुळ, हे त्यांनी ओळखले होते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात समूहात बसून बोलणे हा उपचाराचा कणा राहिला आहे, आणि जे स्वतः व्यसनातून बाहेर आले अशांनी पुढे तेथे कार्यकर्ते म्हणून काम केले आहे. आधी खुर्चीवर बसलेला माणूसच पुढे खुर्च्या मांडतो, हे तत्त्व तेथे मराठीत आणि आपल्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले आहे.

आता या इतिहासाचा आपल्या नगरवासीयांशी संबंध काय, ते सांगून आम्ही आवरते घेतो. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचारच मिळत नसल्याचेही दिसले. उपचारक थोडे आणि रुग्ण फार, ही नॉर्थफील्डचीच स्थिती, कित्येक पटींनी मोठी. अशा वेळी समूहोपचाराकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. ते जावे अशी आमचीही इच्छा आहे. पण मनात एक भीती आहे. एका उपचारकाच्या वेळात आठांचे काम उरकते, म्हणून समूह हे स्वस्तातले औषध, असा हिशेब कोणी मांडील; आणि ज्याने स्वतः कधी वर्तुळात बसून पाहिले नाही अशा नवशिक्याकडे आठ दुखावलेली माणसे सोपविली जातील. ज्या शिक्षणाने समूह सुरक्षित होतो त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, बाहेरून संचालक आणावा लागतो. समूहोपचाराने उपचाराचा वेळ वाचतो. शिक्षणाचा वाचत नाही, उलट वाढतो.

म्हणून उद्या आपल्या घरातील कोणास अशा समूहात जाण्याचा सल्ला मिळाला, तर संकोच न करता तीन प्रश्न विचारावे. समूह चालविणारा स्वतः कधी समूहात सदस्य म्हणून बसला आहे काय? त्याच्या कामावर कोणा जाणत्याची देखरेख आहे काय? आणि समूहात घेण्यापूर्वी तो प्रत्येकास स्वतंत्र भेटून, येथे काय होईल आणि येथले बोलणे बाहेर जाणार नाही, हे समजावून सांगतो काय? हेच प्रश्न विद्यापीठांस विचारावयाचे तर आणखी एक जोडावा: आपल्या विद्यार्थ्यांस खरे बोलण्याची एक तरी जागा आपण दिली आहे काय, जेथे गुण देणारा उपस्थित नाही? या प्रश्नांस होकारार्थी उत्तर मिळाले, तर निर्धास्तपणे जावे. शेजारच्या खुर्चीवरील माणूस हे फार जुने आणि फार गुणकारी औषध आहे. मात्र ते देणाऱ्याने स्वतः एकदा घेतलेले असावे.